हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील मेणचट फरशी

हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म तपासणीच्या प्रयोगशाळेत, मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर मेणात बसवलेल्या ऊतींचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घेताना उडालेला पॅराफिनचा, म्हणजे त्या मेणाचा, चुरा फरशीवर सहसा दिसत नाही. चपलेचा तळ किंचित सरकला की मगच तो जाणवतो. म्हणून काम संपताच, चुरा पायांखाली दाबला जाण्यापूर्वी, तो मऊ ब्रशने गोळा करावा आणि त्यात ऊतींचे कण असल्याने जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकावा.

चिकटून बसलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने, शक्यतो सकाळीच, खरवडावा, कारण पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी मेण मऊ पडते आणि निघण्याऐवजी पसरते. धातूच्या पात्याने व्हिनाइलच्या फरशीवर चरे पडतात आणि पुढचे मेण नेमके त्यांतच बसते. उरलेला पुसट थर साबणाच्या गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. ते पाणी मात्र निवल्यावर, वर साचलेले मेण काढून मगच ओतावे, नाहीतर सांडपाण्याची नळी तुंबते.

झायलीन या मेण विरघळवणाऱ्या द्रावकाने फरशी पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा: त्याची वाफ 30 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. खुर्चीची चाके सगळेच विसरतात. मेण खोलीभर फिरवतात ती तीच.