नवे पॅड बसवले, तरी ब्रेक का लागत नाहीत?

पॅड नवे, डिस्क नवी, मागचे लायनरही बदलले. आणि सोसायटीच्या गेटपर्यंत येईतो कळतं की घासलेले जुनेच बरे होते. अशा वेळी पहिला संशय मालावर जातो, "डुप्लिकेट निघाला". कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा चूक बसवण्यात असते, नाहीतर ज्या भागाला कुणी हातच लावला नाही त्यात. म्हणून दुसरा सेट आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला धाव घेण्याआधी पेडलचं ऐकून घ्या. निम्मं निदान पायालाच होतं.

ही सगळी तपासणी उभ्या गाडीवर, सपाट जागेत करा. पोडियमच्या रॅम्पवर नको. चाकांना उटी (चाक सरकू न देणारा ठोकळा) लावा, आणि चाक काढायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका. ड्रममधली (मागच्या ब्रेकच्या गोल डब्यातली) धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पॅड बदलताना त्यांना दाबणारा पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिले चार-पाच दाब पेडल खाली जाणारच. हे दाब गाडी गिअरमध्ये टाकण्याआधी मारायचे. ते विसरून कंपाउंडची भिंत गाठलेल्या गाड्या कमी नाहीत. पंप मारूनही पेडल नीट वर येत नसेल तर पुढे वाचा.

पेडल स्पंजासारखं लागतं

दाबलं की दबतं, पण खाली काही घट्ट लागत नाही, पाय सोडला की उसळी मारतं. पंप मारले की थोडं वर येतं, तरी लवचीकच राहतं. म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नवे घातले असतील तर पाना हातात घेण्याआधी चाकापाशी बसा आणि हवा काढायचा निप्पल कुठे आहे ते बघा. निप्पल माथ्यावर हवा. तो खालच्या बाजूला आला असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय. बोल्ट बरोबर बसतात, पाइप जुळतो, पॅडही बसतात, सगळं ठीक दिसतं. पण हवा वर जमते आणि निप्पल खाली, मग लिटरभर ऑइल काढलंत तरी तो बुडबुडा जागचा हलणार नाही. कॅलिपरची अदलाबदल करा, नंतरच एअर काढायला घ्या.

एअर काढायला दोन माणसं लागतात: एक सीटवर, एक चाकापाशी. निप्पलवर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी. उलट केलंत तर नळी काढून पुन्हा सुरुवात. नळीचं दुसरं टोक बाटलीत बोटभर नव्या ऑइलमध्ये बुडालेलं असू द्या. चाकापाशी बसलेला म्हणतो, "दाब". सीटवरचा सावकाश दाबतो, दाबून धरतो आणि "दाबलंय" म्हणतो. ते ऐकल्यावरच निप्पल पाव ते अर्धा फेरा ढिला करायचा. ऑइल नळीत येतं, पेडल खाली सरकतं. पेडल टेकायच्या आत निप्पल बंद, मग "सोड". निप्पल उघडा असताना पाय सुटला की आत्ता काढलेली हवा परत आत ओढली जाते. आधी मोठे बुडबुडे येतात, मग सोड्यासारखा बारीक फेस, मग नुसतं ऑइल. फेस थांबला म्हणून उठू नका; नंतरचे चार-पाच दाब पूर्ण स्वच्छ यायला हवेत. दर पाच-सहा दाबांनी वरच्या टाकीत ऑइल भरा. टाकी एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. शेवटी निप्पल मनगटाच्या जोरानेच आवळा. तो मोडला तर कॅलिपर काढावा लागतो.

क्रम साधारण असा: मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मात्र पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनी तिरप्या विभागलेल्या असतात, म्हणजे पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं. तिथे कंपनीच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमध्ये हवा शिरली असेल तर हाताने ती सहसा सुटत नाही. स्कॅनरने मॉड्यूलचा पंप फिरवावा लागतो. ते काम गॅरेजचं.

आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. याला कारण आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन ठरावीक भागातच फिरतो. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की सीलची पातळ कड त्या खरबरीत भागावरून घासते आणि फाटते. आठ-दहा वर्षांच्या गाडीत "पॅड बदलले आणि मास्टर सिलिंडर गेला" हे बऱ्याचदा असं होतं.

ऑइल झाकणावर लिहिलेलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ साठी उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. डॉट ३ साठी २०५ आणि १४०. म्हणजे पाणी शोषलेलं डॉट ४ सुद्धा ताज्या डॉट ३ च्या मागे पडतं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ खेचून घेतं, आणि मुंबईच्या जुलैत हवेत वाफेशिवाय असतं काय? गेल्या पावसाळ्यात उघडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका. पूर्ण ऑइल बदलायचं तर एक लिटर जवळ ठेवा. नुसती हवा काढायला अर्धा पुरतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ चालतं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.

हवा पूर्ण निघाली आणि तरीही पेडल लवचीक असेल तर पॅड काढून बघा. जुन्या पॅडची शिम, म्हणजे पाठीवरचा पातळ पत्रा, पिस्टनला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी शिम बसते. दोन पत्र्यांमध्ये स्प्रिंग तयार होते. दुसरं ठिकाण म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या पट्ट्या. कुलाबा, वरळी, वर्सोवा अशा समुद्राच्या काठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या पट्ट्यांखाली गंज फुगतो आणि नवा पॅड खाचेत अडकून बसतो. पॅड हाताच्या बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागला असेल तर तो बसलेलाच नाही. पट्ट्या काढा, खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, मग परत लावा.

पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्याला वर आणि घट्ट

इथे लवचीकपणा नाही. दोन पंपांनंतर पेडल दगडासारखं. हवा दोषी नाही, कुठेतरी फट जास्त आहे, आणि आपल्या हॅचबॅक गाड्यांत ती बहुधा मागच्या ड्रममध्ये सापडते. खात्री करायला हॅण्डब्रेक दोन-तीन कट (कटकट आवाजाचे टप्पे) वर ओढा आणि पुन्हा पेडल दाबा. आता पहिल्याच दाबाला वर लागलं तर दोष मागेच आहे.

यावर गॅरेजमध्ये सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे हॅण्डब्रेकची केबल ताणणे. हा उपाय नव्हे, रोग झाकणं आहे. केबल ताणली की शू (लायनर लावलेले, ड्रमला आतून टेकणारे अर्धगोल भाग) आपल्या मूळ टेकूवर बसत नाहीत, अर्धवट उघडेच राहतात आणि आपोआप अॅडजस्ट होणारी यंत्रणा बंद पडते. चार आठवड्यांनी पेडल पुन्हा खाली.

बरोबर रीत अशी: आधी केबल पूर्ण ढिली करा. ड्रम काढा. अॅडजस्टर फिरवून शू इतके उघडा की ड्रम हाताने सरकत आत जाईल आणि फिरवताना किंचित घासल्याचा आवाज येईल. पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे शू मध्यावर येतील. ड्रम पुन्हा फिरवून बघा. मोकळा झाला असेल तर अॅडजस्टर आणखी एक-दोन दाते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मग केबल लावा. किती कटांत हॅण्डब्रेक लागायला हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडले असतील तर आणखी एक गंमत होते. स्क्रूचा अॅडजस्टर असतो तिथे डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. त्यांची अदलाबदल झाली की हा अॅडजस्टर प्रत्येक वेळी फट कमी करण्याऐवजी वाढवतो. एका वेळी एकच ड्रम उघडा. दुसरा बाजूला नमुन्यासारखा जसाच्या तसा असू द्या. स्प्रिंग कोणती कुठल्या भोकात होती याचा फोटो काढून ठेवला तरी हीच सोय होते, पण दुसऱ्या बाजूचा नमुना बघताना डावं-उजवं उलटं दिसतं हे ध्यानात ठेवा.

मागे सगळं ठीक आणि तरीही पहिला दाब खाली? मग हा प्रकार वळण घेतल्यावर किंवा खड्ड्यांतून गेल्यावरच होतो का ते पाहा. व्हील बेअरिंगला खेळ असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तर ती दर फेऱ्याला पॅडना ढकलते आणि पिस्टन मागे जातो. नवी डिस्क वाकडी कशी? डिस्क सरळ असते, ती ज्यावर बसते तो हब गंजलेला असतो. हबवर गंजाची पातळ पापुद्री राहिली तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला ती वाढून दिसते. डिस्क डोलण्याची मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरची, डायल गेजने मोजायची. हब चकचकीत घासूनच डिस्क चढवावी, आणि चाकाचे नट आलटून पालटून समोरासमोर आवळावेत.

पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही

आधी बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, आतला व्हॅक्यूम संपेल. मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टरचा पाइप, त्यातला एकतर्फी व्हॉल्व आणि बूस्टर याच क्रमाने तपासा. काम करताना हात लागून पाइप निसटलेला असणं ही सर्वांत स्वस्त शक्यता. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपही बघा.

बूस्टर चांगला असेल तर प्रश्न घर्षणाचा. नवी डिस्क गंज धरू नये म्हणून तेल लावून पॅक केलेली असते. ते ब्रेक क्लीनरने पुसायचं राहिलं तर पॅड तेल पितात. पृष्ठभाग हलका घासून पाहा, पण खोलवर प्यायलेले पॅड टाकूनच द्यावे लागतात. जुन्या डिस्कवर नवे पॅड घातले असतील तर कडेला उठलेला कंगोरा पॅडला टेकतो आणि मधला भाग लागतच नाही. थोडं चालवून पॅड काढा. चकाकी फक्त एका पट्टीवर दिसली की समजायचं. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती कमी असेल तर लेथवर देण्यात अर्थ नाही.

आणि हो, पॅड उलटा बसलेला नाही ना? हसू नका. लोखंडी पाठ डिस्ककडे असलेले पॅड निघतात.

बाकी राहतं पॅड बसवून घेणं. नवा पॅड पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लागत नाही. रविवारी पहाटे बीकेसीतले रस्ते रिकामे असतात तेव्हा, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा. असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट तसंच चालवत. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक फारसा न लावता गाडी चालवा. हल्का जळका वास येणं ठीक, धूर येणं नाही. तुमच्या पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत छापली असेल तर ती वापरा.

पाय ठेवला की पेडल हळूहळू बुडतं

एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट पाय ठेवा. पेडल खाली सरकत गेलं तर ऑइल कुठेतरी पळतंय. चाकांच्या आतल्या बाजू, ड्रमच्या मागची प्लेट, होजच्या (रबरी नळीच्या) बोल्टखालचे तांब्याचे वॉशर (ते दर वेळी नवे लागतात), मास्टर सिलिंडर आणि बूस्टरचा सांधा, सगळीकडे बोट फिरवा. कुठेच ओल नाही तर मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत गळताहेत. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

एका बाजूला ओढते

ब्रेक दाबल्यावर गाडी ओढते त्या बाजूचा ब्रेक बहुधा चांगला असतो, दोष पलीकडे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन सुकलेल्या असतील तर सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. होज पिळून बसलाय का तेही बघा. जुना होज आतून फुगून बंद होतो: ऑइल दाबाने जातं, पण परत येत नाही, आणि मग गाडी त्या अडकलेल्या बाजूलाच ओढते. तीन-चार किलोमीटर चालवून चाकांजवळ हात नेला, न टेकवता, तर अडकलेलं चाक उष्णतेने लगेच कळतं.

टाकीच्या झाकणातलं रबर फुगून बाहेर आलं असेल तर मात्र थांबा. कुणीतरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. मग सिस्टिममधली सगळी रबरं बदलण्याला आणि लाइनी धुण्याला पर्याय नाही.

पेडल ठीक झाल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहरातच चालवा, एक्स्प्रेसवेचा खंडाळा घाट नंतर. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी धरा. खाली आल्यावर पेडल अचानक स्पंजासारखं लागलं तर ऑइल उकळलंय: बाजूला थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या, आणि परतल्यावर ते बदला.