1600 मीटर: 5:16 वरून 5:04 वर कसा आलो

पोलीस भरतीत 1600 मीटरला 5 मिनिटं 10 सेकंदांत आलं की 20 पैकी 20 गुण. मी अमळनेरकडचा. महिनाभर रोज पहाटे धावूनही 5:16 च्या खाली काही येईना.

शेवटी धाकट्या भावाला स्टॉपवॉच देऊन उभं केलं आणि 400 मीटरच्या प्रत्येक फेरीचे सेकंद वहीत लिहायला लावले. 68, 78, 86, 84. दम कमी नव्हताच, पहिली फेरी मला खात होती!

मग हिशोब मांडला. 310 सेकंद भागिले चार, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर. पण भरतीत गर्दी असते, वळणावर बाहेरून जावं लागतं, म्हणून 76 धरले. एकूण 304. दर 100 मीटरला 19 सेकंद. हा 19 चा आकडा सगळ्यात कामाचा, कारण चूक पहिल्या शंभरातच कळते.

ग्राउंड टेपने मोजून दर 100 मीटरवर चुन्याची रेघ मारली. एवढ्या कमी अंतराला मोबाईलच्या मापावर विसंबू नका. आठवड्यातून दोनदा 400 च्या सहा फेऱ्या, प्रत्येक 76 मध्ये, मध्ये दोन मिनिटं चालणं. सुरुवातीला पहिली फेरी इतकी हळू वाटायची की पाय आवरावे लागत. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे वेळ मोजून धावायचं ते उजाडतानाच.

पाचव्या आठवड्यात 76, 76, 77, 75. भावाने चुन्याच्या बोटांनीच वही पुढे केली. 5:04 खाली दोन रेघा ओढलेल्या.