प्लेकोची अंडी मिळतात, पण पिल्लं का मरतात? या चुका टाळा

ब्रिसलनोज प्लेको हा तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा टाकीतला मासा. त्याची जोडी जमली की अंडी मिळायला फार खटपट लागत नाही. खरा कस लागतो तो पिल्लं बाहेर पडल्यावर, पहिल्या तीन-चार आठवड्यांत. माझ्या पहिल्या खेपेची साठेक पिल्लं होती. महिनाभरात त्यातली सात उरली. एकही आजारी नव्हतं. काही उपाशी गेली आणि बाकीची घाण पाण्याने.

पण आधी मासा नीट पारखून घ्या. दुकानात 'सकर' म्हणून सर्रास मिळतो तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस नावाचा दुसराच मासा असतो. पाठीवर शिडासारखा मोठा पर आणि अंगभर ठिपके ही त्याची खूण. तो दीड फुटापर्यंत वाढतो, नदीकाठच्या मातीत बिळं खणून अंडी घालतो, त्यामुळे घरच्या टाकीत त्याची पैदास होत नाही. आणि मोठा झाला म्हणून त्याला तळ्यात, नदीत, विहिरीत कधीही सोडू नका. उजनीच्या जलाशयात हेच सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतात आणि त्यांच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात.

ब्रिसलनोज म्हणजे शास्त्रीय नावाने अ‍ॅन्सिस्ट्रस. हा चार-पाच इंचांवर थांबतो. नराच्या थोबाडावर मधोमध फांद्या फुटलेल्या मिशा येतात, मादीला असल्याच तर ओठाच्या कडेने बारीक केसांसारख्या. दोन-अडीच इंचांच्या आत नर-मादी ओळखायला जाऊ नका, हमखास फसाल. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवा आणि पुढे एक नर, दोन माद्या ठेवा. लहान टाकीत दोन नर ठेवले की अंडी घालायच्या गुहेवरून भांडणं ठरलेली.

गुहेतही लोक चुकतात. ऐसपैस मडकं ठेवलं की मादी आत-बाहेर करते आणि नराला तिला अडवता येत नाही. नर जेमतेम मावेल अशी, एका टोकाला बंद गुहा लागते. दीड ते दोन इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंचांचा तुकडा आणि मागे एंड कॅप, एवढ्यात काम होतं. कडा मात्र पॉलिश पेपरने घासून घ्या.

अंडी पडत नसतील तर तीस-चाळीस टक्के पाणी बदला आणि नवं पाणी दोन-तीन अंशांनी गार घ्या. पावसाळा आला असं माशाला वाटतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायला विसरू नका.

नर अंड्यांवर बसला की टॉर्च मारून बघण्याचा मोह टाळा. पंखांनी सतत वारा घालून तो अंड्यांना ताजं पाणी देतो. बिथरला तर अंड्यांचा घोस बाहेर ढकलतो किंवा खाऊनही टाकतो. नवखा नर पहिली खेप वाया घालवतो, ते चालायचंच. घोस बाहेर पडलाच तर जाळीच्या डब्यात ठेवून शेजारी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, अंडी हलकी हलती राहिली पाहिजेत. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते.

साधारण पाच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांच्या पोटाला नारिंगी बलकाची मोठी पिशवी असते. ती असेपर्यंत खायला घालायचं नाही. घातलेलं सगळं कुजतं. पुढच्या पाच-सहा दिवसांत पिशवी जिरते, रंग गडद होतो आणि पिल्लं काचेवर चिकटलेली दिसू लागतात. धोका इथून सुरू होतो.

प्लेकोचं पिल्लू दिवसभर चरतं. दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं त्याला पुरत नाही. काचेवरचं शेवाळ घासून काढू नका, ड्रिफ्टवुडचा (टाकीत ठेवायच्या लाकडाचा) तुकडा कायम टाकीत असू द्या. दुधीची किंवा काकडीची चकती उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, गार करून, काट्याचमच्याला टोचून तळाशी बुडवा. संध्याकाळी टाकलेली चकती सकाळी काढायचीच. उन्हाळ्यात ती रात्रभरातच बुळबुळीत होते आणि पाणी दुधाळ दिसायला लागतं. तसं दिसलं की अन्न बंद करा आणि लगेच अर्धं पाणी बदला. एरवीही रोज थोडं, वीस टक्क्यांच्या आसपास पाणी बदललेलं बरं.

पिल्लांसाठी वेगळी टाकी मांडणार असाल तर नवा कोरा फिल्टर लावू नका. जुन्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर हलवा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात वस्तीला असतात. पॉवर फिल्टर (मोटरने पाणी ओढणारा) असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशात वीज गेली तर तासा-दोन तासांत खेप हातची जाऊ शकते. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

सगळं ठीक चाललंय का, हे ओळखायची सोपी जागा म्हणजे टाकीची काच. पिल्लू काचेला चिकटलं की त्याचं पोट समोरून दिसतं. गोल, हिरवट-तपकिरी असेल तर ते जेवलंय. पोट आत गेलेलं दिसलं की त्याच दिवशी चकत्या वाढवा आणि टाकीच्या दोन टोकांना ठेवा, कारण मोठी पिल्लं एका चकतीवर ठाण मांडतात आणि लहानांना जागा मिळत नाही.