गोव्याहून बेळगावला कुंदा: नाइलाजाच्या तस्कराची शॉर्टफिल्म कशी लिहावी

मनात नसताना अमली पदार्थ वाहून नेणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला बसलात तर पहिल्यांदा एवढं ठरवा, की त्याला ‘नको’ का म्हणता आलं नाही. पैशाची हाव हे कारण घेऊ नका. हावरट माणूस पकडला गेला की बघणाऱ्याला बरंच वाटतं, त्याच्यासाठी जीव वरखाली होत नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडची. गणपतीत, जत्रेत एकांकिका बसवते आणि आता गावातली पोरं मोबाईलवर शॉर्टफिल्म करतात, त्यांचं लिखाण बघून देते. त्यांना मी सांगते, कारण बाहेर शोधू नका, आपल्या वागण्यात शोधा. आमच्या भागात कुणी प्रवासाला निघालं की शेजारी पिशवी घेऊन येतातच. “पणजीला जाणार न्हवं? एवढं आमच्या पोरीला द्या की.” याला नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. तुमचा नायक बेळगावात झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, भिशीचे हप्ते थकलेत. भिशी चालवणारे अण्णा आज हप्त्याचं नाव काढत नाहीत, फक्त पणजीला पोचवायला कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या प्रसिद्ध खव्याच्या मिठाईचा, एक डबा हातात देतात. झालं, नायक अडकला.

डब्यात काय आहे हे त्याला लवकर कळू द्या. बसमध्ये बसल्याबसल्याच. शेवटपर्यंत काहीच माहीत नसलेला बिचारा लिहिणं सोपं असतं, खरं त्याच्याकडं निर्णय उरत नाही. माहीत असून डबा मांडीवर धरून बसलेला माणूस दर थांब्याला उतरायचं ठरवतो आणि उतरत नाही. नाइलाज दिसतो तो तिथं.

आता हसू कुठून आणायचं? नायकाला वेंधळा करू नका. तो शहाणाच असू दे आणि भोवतालची माणसं नेहमीसारखी वागू देत. 2023 च्या जूनपासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून राज्यातल्या बायकांचा प्रवास फुकट झालाय. कंडक्टर त्यांनाही शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. बस बायकांनी भरलेली, कंडक्टर “मुंद होग्री, मुंद होग्री” (पुढं सरका) म्हणतोय आणि नायकाच्या मांडीवर कुंदा. शेजारची मावशी म्हणणारच, “ताजा दिसतोय, उघडा की, पोरगं रडतंय.” गोड देत नाही म्हणणारा माणूस आमच्याकडं चोरापेक्षा वाईट. हे दृश्य घाईत उरकू नका. दोन मिनिटं चालू दे, मावशी पोराला समजावू दे, मागची बाई तोंड घालू दे. संवादात विनोद घालू नका, सगळ्यांना खरंच कुंदा हवाय असं लिहा.

नंतर घाट उतरून तो पणजीला पोचतो आणि डबा घेणारा येत नाही. डबा घेऊन परत! कर्नाटकाच्या हद्दीतल्या कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाडीत दारू शोधणारा हवालदार विचारतो, “गोव्याहून बेळगावला कुंदा?” हे वाक्य खानापुरात काय नि निपाणीत काय, समजावून सांगावं लागत नाही. सिनेमातलं सगळ्यात मोठं हसू इथं येऊ दे. यापुढं हळूहळू हसू काढून घ्यायचं आहे.

ते काढून घेतो कायदा, म्हणून कायदा अचूक लिहा. अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा 1985 चा. माल काय आणि किती हे पटकथेआधी ठरवा. चरस 100 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत कैद. एक किलोच्या वर म्हणजे व्यापारी प्रमाण, तिथं दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही आणि जामीन फार अवघड. मी अर्धा किलो सुचवते. दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, म्हणजे पुढं काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. “मला माहीत नव्हतं” एवढं म्हणून सुटका नाही, कारण कलम 35 प्रमाणं कोर्ट आरोपीला माहीत होतं असंच धरून चालतं आणि उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर पडतं.

कलम 50 नीट वाचा, त्यात अख्खं दृश्य आहे. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा हक्क संशयिताला आहे, आणि तो हक्क त्याला सांगायलाच हवा असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2010 मध्ये सांगितलं. पिशवीला वा डब्याला हे लागू नाही. म्हणून घाबरून नायक डब्यातली पुडी कमरेला खोचतो असं लिहा. हवालदार हक्क वाचून दाखवतो, नायक सवयीनं मान डोलावतो, आणि आता साहेब येईपर्यंत सगळेच अडकले. बाहेर कणकुंबीचा पाऊस, पंच म्हणून धरलेला चहावाला दुकानाकडं बघतोय, पंचनामा कन्नडमध्ये चाललाय. कन्नड हवालदाराला खलनायक करू नका. तोच कागदातली ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगू दे. त्याच्या चांगुलपणानं प्रसंग जास्त जड होतो.

शूटिंगला खरा नाका वापरू नका. खासगी शेताच्या वाटेवर बांबू आडवा टाका, पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. भीमगड अभयारण्य लागूनच आहे, त्या जंगलात कॅमेरा न्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते.

शेवटाला नायकाला सोडवू नका. घरी कुणाला कळवायचं, असं पोलीस विचारतात. मोबाईल जप्त झालाय आणि वर्षानुवर्षं हप्त्यांसाठी फिरवून पाठ झालेला नंबर एकच, अण्णांचा. तो नंबर सांगतो. तिथंच कापा.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा. एक फौजदारी वकील आणि त्या बसनं रोज जाणाऱ्या दोनतीन बायका समोर बसवा. वकील कलमं दुरुस्त करतील, बायका मावशीचे संवाद. ते सगळं कागदावर उतरल्यावरच कॅमेरा मागायला जा.