सोलरवाला ‘३० टक्के सरकार देतं’ म्हणाला, तर

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींच्या दारात टॅबलेट घेऊन सेल्समन उभा राहिला आणि ‘सोलर पॅनेलच्या खर्चातले ३० टक्के सरकार देतं’ हे गाणं लावलं, तर आधी तारीख सांगा. घरमालकाला मिळणारं ते फेडरल टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद झालंय. पैसे आधी भरले असले तरी उपयोग नाही; आयआरएस, म्हणजे तिथलं कर खातं, बघतं ते पॅनेल बसवण्याचं काम कधी पूर्ण झालं ते. आणि मुळात तो सरकारी चेक कधीच नव्हता, तुमच्या देय करातली ती वजावट होती.

लीजवर, म्हणजे भाड्याने, घेतलेत तर पॅनेल कंपनीचे, क्रेडिटही तिचंच.

खरी मेख कर्जाच्या कागदात असते. काही करारांत पहिले दीड वर्ष हप्ता कमी दिसतो, कारण क्रेडिटची रक्कम तुम्ही मुद्दलात भरणार असं गृहीत धरलेलं असतं. ती भरली नाही, की हप्ता वाढतो. म्हणून ‘क्रेडिट न धरता हप्ता किती?’ हे लेखी मागा.

सही घरीच करून बसला असाल, तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत करार लेखी रद्द करता येतो. शनिवार त्यात मोजतात, बरं का.