गेम झटके खातोय? एफपीएसचा आकडा सोडा, फ्रेम टाइम बघा

कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) ९० दाखवतोय आणि तरी कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतंय, असं होत असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, एफपीएस ही सरासरी आहे. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा ५९ फ्रेम १५-१५ मिलिसेकंदात आल्या आणि एकाच फ्रेमने ११५ घेतले, तर सेकंदात फ्रेम ६०च झाल्या ना, आकडा छान दिसतो पण डोळ्याला झटका बसतो तो बसतोच. म्हणून मोजायचा तो फ्रेम टाइम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ.

त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका, सोबत आकडे स्क्रीनवर दाखवणारं रिवाट्यूनर येतं. मॉनिटरिंगमध्ये जाऊन फ्रेमटाइम निवडा, ऑन-स्क्रीन डिस्प्लेला टिक करा आणि टेक्स्टच्या जागी ग्राफ ठेवा, जोडीला जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) युसेज, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) पण लावून घ्या. मग सेटिंगला हात न लावता दहा-पंधरा मिनिटं खेळा आणि ग्राफ नेमका कधी उडी मारतो तेवढंच बघा, कारण झटका कधी येतो यावरूनच तो कशाचा आहे हे बरंचसं कळतं.

नवीन जागेत किंवा नवीन इफेक्ट पहिल्यांदा दिसला की झटका, आणि तेच दुसऱ्यांदा केलं की एकदम स्मूथ, तर ते शेडर, म्हणजे प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्रॅम, कंपाइल होतायत. डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) आणि अनरियल इंजिनच्या गेममध्ये हे फार दिसतं. गेम सुरू होताना शेडर तयार करतोय असं दाखवत असेल तर ते पूर्ण होऊ द्या, घाईत स्किप करू नका. एनव्हीडिया कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅश (तयार शेडरचा साठा) साइज १० जीबी किंवा अनलिमिटेड करा. ड्रायव्हर अपडेट केला की जुनी कॅश सहसा कामाची राहत नाही, सगळं परत तयार होतं, त्यामुळे अपडेटनंतर पहिल्या तासाभरात झटके आले तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नका. आणि ती कॅश उगाच साफ करत बसू नका, लोक तेच करतात आणि त्रास वाढवून घेतात. गेममध्ये डायरेक्टएक्स ११ चा पर्याय असेल तर तो पण एकदा लावून बघा.

ओपन वर्ल्डमध्ये जोरात गाडी पळवताना झटके येत असतील तर मॅपचा पुढचा भाग लोड होतोय. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडीवर हलवा, बाकीचं नंतर. त्यानंतर व्हीरॅम बघा. ८ जीबीच्या कार्डावर ८ जीबी भरलेली दिसली तर उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून यायला वेळ लागतो, अशा वेळी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) एक पायरी खाली आणा. बऱ्याच गेममध्ये अल्ट्रा आणि हायमधला फरक खेळताना कळत पण नाही, झटका मात्र कळतो.

सुरुवातीला सगळं मस्त आणि वीसेक मिनिटांनी बिघडतं, तर बहुतेक गरम होतंय, तापमान चढतं आणि क्लॉक खाली येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा, हवेची जाळी आणि पंखे साफ करा.

जीपीयू युसेज ६०-७० टक्क्यांवरच आहे, एफपीएसवर कसली लिमिट लावलेली नाही आणि तरी ग्राफ दातेरी आहे, तर सीपीयू मागे पडतोय. इथे रिझोल्यूशन कमी करून काही उपयोग नाही! गर्दी, व्ह्यू डिस्टन्स, सावल्या आणि रे ट्रेसिंग कमी करा, कारण यांचा भार सीपीयूवर पण पडतो. आणि रॅम नक्की तपासा. माझ्याकडे कितीतरी दिवस हाच त्रास होता, ग्राफिक सेटिंग सगळ्या बदलून झाल्या, ड्रायव्हर काढून परत टाकला, शेवटी कळलं की रॅमच्या दोन्ही स्टिक एकाच चॅनलच्या (सीपीयूकडे जाणाऱ्या एकाच वाटेच्या) स्लॉटमध्ये बसल्या होत्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा वापरायचा, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या स्पीडचं सेटिंग चालू करायचं, नाहीतर रॅम तिच्यावर लिहिलेल्या स्पीडने चालतच नाही.

दर दोन-चार सेकंदांनी घड्याळासारखा झटका येत असेल तर मागे काहीतरी चालू आहे, ओव्हरले (गेमवर दिसणाऱ्या इतर ॲपच्या खिडक्या), रेकॉर्डिंग, लाइट आणि पंख्याची सॉफ्टवेअरं. एकेक बंद करत बघा, सगळं एकदम बंद केलं तर गुन्हेगार सापडणार नाही.

आता एक वेगळीच केस, ग्राफ अगदी सरळ रेष आहे आणि तरी हालचाल खटकते. तेव्हा फ्रेम आणि मॉनिटरचं गणित जुळत नाहीये. १४४ हर्ट्झवर (मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा रिफ्रेश होतो) ६० एफपीएस लॉक केलं तर १४४ भागिले ६० म्हणजे २.४, मग व्ही-सिंक (फ्रेम रिफ्रेशच्या वेळीच दाखवणारं सेटिंग) चालू असताना एक फ्रेम दोन रिफ्रेश टिकते तर दुसरी तीन, आणि डोळ्याला ते जाणवतं. तिथे ७२ लॉक करा, किंवा मॉनिटर १२० वर आणून ६० ठेवा. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर ते मॉनिटरच्या मेनूमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये दोन्हीकडे चालू आहे का बघा, आणि एफपीएस रिफ्रेश रेटच्या तीनेक खाली कॅप करा, म्हणजे वरची मर्यादा लावा, १४४ ला १४१.

कॅपबद्दल माझं मत ठाम आहे, ७० ते ११० मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ७० ला बांधलेला गेम हाताला कितीतरी चांगला लागतो. तुमचा पीसी सगळ्यात जड सीनमध्ये जेवढं देतो तिथेच लिमिट लावा.

पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करणं, रॅम क्लीनर, कुठून तरी उतरवलेल्या रजिस्ट्री फाइली, यातलं काही करू नका, पेजफाइल बंद केल्यावर तर काही गेम क्रॅशच होऊ शकतात.

प्रत्येक वेळी एकच बदल करा, त्याच जागी परत खेळा, ग्राफ बघा. एवढं सगळं करून पण एखाद्या ठरावीक दारातून जाताना दर वेळी तिथेच झटका येत असेल तर तो गेमच्या कोडमधला आहे, तुमचा पीसी ठीक आहे, पॅच येईपर्यंत तो गेम बाजूला ठेवा.