एमजीबीला अ‍ॅम्बेसिडरचा एक्सल: कापण्याआधी या चुका टाळा

जुन्या एमजीबीचा, म्हणजे त्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, मागचा एक्सल गेला की सल्ला ठरलेला: "अ‍ॅम्बेसिडरचा टाका की!" सल्ला अगदीच वेडगळ नाही. दोन्ही एक्सल बीएमसीच्याच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) घराण्यातले. अ‍ॅम्बेसिडर २०१४ साली बंद झाली, तरी भंगारात एक्सल मिळतो. अडचण रुंदीची. एमजीबीचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) साधारण सव्वाएकोणपन्नास इंच, अ‍ॅम्बेसिडरचा त्याहून चांगलाच जास्त. मग हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) कापायचं ठरतं.

पहिली चूक टेप लावतानाच होते. टायर ते टायर मोजू नका. चाक ज्या तोंडावर बसतं, तिथून पलीकडच्या तोंडापर्यंत मोजा. वायर व्हील की साधी चाकं, हे आधी नक्की करा. हब आणि ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं) बदलला की आकडाही बदलतो. गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी करून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. आतल्या बाजूला सढळ जागा ठेवा, कारण वळणावर पाटे (लीफ स्प्रिंग) आडवे सरकतात. साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत सरळ चालवून काही कळत नाही. यवतेश्वर घाटात टायर घासायला लागतो.

दुसरी चूक महागाची. सातारा एमआयडीसीतला वेल्डर कितीही पक्का असो, उष्णतेने नळी ओढली जातेच. दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागा आणि डिफरन्शियल यांतून एक सरळ बार आरपार घाला, समोरासमोर टाके मारा, थंड होऊ द्या, मग पुढचा टाका. नवी ऑइल सील आणि बेअरिंग लवकर जात असतील तर सीलला दोष देऊ नका, हौसिंग वाकडं आहे.

एक्सल शाफ्ट मधोमध कापून जोडून देणारे आजही भेटतात. त्यांना नमस्कार करून निघा. जुन्याच शाफ्टच्या टोकावर नवे दाते (स्प्लाइन) पाडले, तर टणक केलेला वरचा थर निघून जाऊ शकतो. ईएन २४ या मिश्र पोलादाचा नवा शाफ्ट करून हीट ट्रीटमेंट घ्या.

पाट्यांच्या बैठका सगळ्यात शेवटी वेल्ड करा. आधी गाडी जमिनीवर उभी करून पिनियनची (प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरची) रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर आणा, पिनियनचं नाक एखाद-दोन अंश खाली. ॲक्सिलरेटर दाबला की ते वर उचललं जातं. फक्त रेस दिल्यावर थरथर होत असेल तर कोन तपासा. रेस सोडूनही त्याच वेगाला थरथर राहिली, तर प्रोपेलर शाफ्टचा बॅलन्स किंवा चाकं बघा.

दाते मोजायला विसरू नका. एमजीबीत क्राऊनला (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) ४३, पिनियनला ११, म्हणजे ३.९०९. हौसिंगमध्ये ४१ आणि ९ ची जोडी निघाली तर इंजिन त्याच वेगाला साडेसोळा टक्के जास्त फिरेल, आणि गाडी ८० ला असताना स्पीडोमीटर ९३ दाखवेल.

आणि ऑइल भरण्याआधी ब्रीदरमध्ये (एक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रात) फुंकर मारून बघा. वेल्डिंगच्या कचऱ्याने तो बुजला असेल तर गरम झालेलं ऑइल सीलमधून थेट ब्रेक ड्रममध्ये उतरतं.